छोटू, वय वर्षे अकरा

कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो हे मला त्या रविवारी दुपारपर्यंत माहीत नव्हतं. पीळ म्हणजे शब्दशः पीळ. धुतलेली चादर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावी तसं पोट आतल्या आत गर्रकन फिरतं, वरची आणि खालची अशा दोन्ही वाटा बंद होतात आणि कुत्रं फुगत जातं. ही माहिती मला एक लाख ब्याण्णव हजारांना पडली. तिच्यावाचून माझं काही अडलं नव्हतं, पण मला कुणी विचारलं नाही.

कुत्रा बाबांचा. नाव छोटू. आणला तेव्हा तो बाबांच्या कोटाच्या खिशात मावत होता आणि नाव ठेवताना पुढचा विचार कुणी केला नाही. पुढे तो अडतीस किलोचा झाला. दारात आडवा पडला की पाहुण्यांना त्याच्यावरून ढांग टाकून आत यावं लागे. आई गेल्यापासून बाबा आमच्याशी कामापुरतं बोलत. सकाळचा पेपर मात्र ते छोटूला मोठ्याने वाचून दाखवत, अग्रलेखासकट. अग्रलेख चालू असताना झोपून जाण्याची मुभा आमच्या घरात फक्त त्यालाच होती. माझा आणि त्याचा संबंध म्हणाल तर इतकाच, की त्याचे केस माझ्या पँटला असत आणि त्याच्या खाण्याची बिलं माझ्या नावावर.

तर त्या रविवारी जेवणं आटोपली आणि छोटू घरभर फिरायला लागला. बसेना, झोपेना. सारखा ओकल्यासारखं करी, पण बाहेर काही येईना. अर्ध्या तासात त्याचं पोट इतकं तट्ट झालं की बायको म्हणाली, "अहो, हात लावून बघा. ढोल झालाय नुसता."

मी हात लावण्याआधीच खालच्या मजल्यावरचे कंपाउंडरकाका वर आले. काका एका डॉक्टरांकडे चाळीस वर्षं पुड्या बांधत होते. डॉक्टर वारले तेव्हा सगळा अनुभव आपल्याकडे आला अशी त्यांची समजूत आहे, आणि ते निदानाचे पैसे घेत नसल्यामुळे आमच्या इमारतीचीही आहे. त्यांनी छोटूच्या पोटावर टिचकी मारली, कान लावला आणि डोळे मिटले.

"गॅस," ते म्हणाले. "खात्रीचा गॅस. सोडा पाजा आणि गच्चीवर चालवा."

"डॉक्टरकडे नेऊ या का?" बाबांनी विचारलं.

"रविवारी? डबल फी घेतील आणि गॅसच सांगतील."

हे वाक्य मला फार पटलं. फी आणि डबल हे दोन शब्द एकत्र आले की मला पुढचं सगळं पटतं. आम्ही सोडा पाजला. निम्मा त्याच्या तोंडात गेला, निम्मा माझ्या बाहीत. मग मी आणि काका त्याला गच्चीवर घेऊन गेलो आणि पाण्याच्या टाकीभोवती फिरवू लागलो. सातव्या फेरीला छोटूचे मागचे पाय लटपटले आणि तो बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं. जनावराच्या नजरेत वगैरे काही वाचणारा मी माणूस नाही, पण त्या नजरेत गॅस नव्हता एवढं मलाही कळलं. घड्याळात पाहिलं तर पाऊण तास गेला होता. हा पाऊण तास मी पुढे बऱ्याच वेळा मोजला आहे.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. अडतीस किलोचा फुगलेला कुत्रा गच्चीवरून खाली न्यायचा कसा, यावर प्रत्येक मजल्यावर एक मत होतं. शेवटी बाबांनी आपल्या आरामखुर्चीचं कापड दांड्यांसकट काढून आणलं. त्यावर छोटूला निजवून मी पुढे, बायको मागे आणि काका मध्ये सूचना द्यायला, असे आम्ही जिना उतरलो. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर दार उघडून उभे होते. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जिना आजच पुसलाय हो."

पहिला टॅक्सीवाला कुत्रा पाहून काच वर करून निघून गेला. दुसऱ्याने सीटवर आमचीच चादर अंथरून घेतली आणि दुप्पट भाडं सांगितलं. बायको घरी थांबली, कारण चौथ्या माणसाला जागा नव्हती आणि काका उतरायला तयार नव्हते. निदान त्यांचं होतं, शेवट बघणं त्यांना कर्तव्य वाटत होतं.

नेहमीच्या डॉक्टरांच्या फोनवर एक बाई आठवड्याच्या वेळा सांगत होती. म्हणून आम्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. फाटकावर हातभर अक्षरांत 'तातडीची सेवा चोवीस तास' असं लिहिलं होतं आणि त्याच फाटकाला कुलूप होतं. आतल्या बाकावर रखवालदार बसला होता.

"डॉक्टर?" मी ओरडलो.

"उद्या."

"अहो, चोवीस तास लिहिलंय इथे!"

"चोवीस तासच आहे," तो शांतपणे म्हणाला. "रविवार सोडून."

मीही सरकारी माणूस आहे. पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासणीच्या शाखेत काम करतो. त्यामुळे मला त्याचं म्हणणं कळलं, आणि कळलं याचाच राग आला.

त्याने एका खाजगी रुग्णालयाचा पत्ता सांगितला. ते खरोखर चोवीस तास उघडं होतं. आत थंडगार हवा, पांढऱ्या खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांचे फोटो. मी ज्या रुग्णालयात जन्मलो आणि ज्यात बहुधा मरेन, त्या दोन्हींपेक्षा ते चांगलं होतं. छोटूला चाकांच्या टेबलावरून आत नेलं आणि काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "छोटूचे बाबा कोण?"

"मी," माझे बाबा पुढे होऊन म्हणाले.

"आणि हे?"

"हा माझा मुलगा."

मुलीने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. अशा रीतीने वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी एका कुत्र्याचा थोरला भाऊ झालो.

डॉक्टर वयाने तिशीची मुलगी होती. तिने एक्स-रे उजेडावर धरला आणि चादरीचं ते उदाहरण दिलं. लगेच ऑपरेशन करावं लागेल म्हणाली. आधी सुईने हवा काढायची, मग पोट उघडून पीळ सोडवायचा, मग ते बरगडीला टाचून टाकायचं म्हणजे पुन्हा फिरणार नाही. "उशीर झालाय, सर. तासभर आधी आणलं असतं तर मी जास्त खात्रीने बोलले असते. वय अकरा आहे. तरी निम्म्याहून जास्त शक्यता आहे, असं म्हणेन."

कंपाउंडरकाका माझ्या मागे उभे होते. ते जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि चप्पल काढून पाय खुर्चीखाली घेतले.

मग तिने अंदाजपत्रक पुढे सरकवलं. भूल, शस्त्रक्रिया, टाके, रक्त, औषधं, पाच दिवसांचा मुक्काम. देखरेख दोन प्रकारची होती, साधी आणि बारीक. साधी म्हणजे काय असं मी विचारलं, तर म्हणाली, दर दोन तासांनी बघतो. बारीक म्हणजे सारखं बघतो. छोटूला बारीक लागणार होती. खाली बेरीज होती: एक लाख नव्वद हजार. निम्मे आत्ता, उरलेले मंगळवारपर्यंत.

"दुसरं काही?" मी विचारलं. भाजीबाजारात विचारतो तसंच विचारलं.

"दुसरा पर्याय," ती आवाज खाली आणून म्हणाली, "त्याचा त्रास थांबवण्याचा. एक इंजेक्शन असतं. दुखत नाही."

"त्याचे किती?"

"साडेचार हजार."

खरं सांगतो, मला तो आकडा आवडला. आटोपशीर होता, खिशातल्या कार्डाला झेपणारा होता, आणि डॉक्टर स्वतः ज्या आवाजात बोलली तो आवाज वापरला तर दयाळूही दिसणार होता. वाक्य मी मनात तयार केलं: 'बाबा, त्याला फार त्रास होतोय.' ते घेऊन बाहेर आलो.

बाबा आतल्या दाराच्या काचेशी उभे होते. हातात आरामखुर्चीचं ओलं कापड घडी करून धरलं होतं. मला बघून म्हणाले, "होईल ना रे बरा?"

"हो," मी म्हणालो.

लोक पुढे म्हणाले की वडिलांवरच्या प्रेमापोटी मी हे केलं. मी नीट तपासून पाहिलं आहे, ती भीती होती. ते वाक्य त्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नव्हती आणि एक लाख नव्वद हजार देण्याची होती, कारण ते पैसे त्या क्षणी समोर नव्हते आणि बाबा होते.

"किती म्हणतायत?"

"अडीच हजार."

"अडीच!" बाबा म्हणाले. "लुटतात रे." मग त्यांनी खिशातून पाचशेच्या पाच नोटा काढून माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाले, "माझा कुत्रा आहे. पावती घे."

बायकोला बाहेर जाऊन फोन केला. आकडा सांगितल्यावर तिने आधी कुकर बंद केला. मग ती म्हणाली, "बँकेत किती आहेत?"

"एकावन्न."

"माझे बाजूला टाकलेले पंचेचाळीस आहेत. ओट्यासाठी ठेवलेले. पाठवते." आणि फोन ठेवता ठेवता, "ओटा काय, अजून पाच वर्षं निघतील."

संध्याकाळी सहाला डॉक्टर बाहेर आली. पीळ सुटला होता, पोटाचा थोडा भाग काळा पडला होता तो काढला होता, छोटू जिवंत होता. बाबांनी तिला वाकून नमस्कार केला. ती एवढी ओशाळली की उलट तीच त्यांच्या पाया पडली आणि काउंटरवरची मुलगी दोघांकडे पाहत राहिली. त्या संध्याकाळी बाबा जेवले, आमच्याशी बोलले, ऑपरेशनची सगळी गोष्ट माझ्या बायकोला दोनदा सांगितली आणि शेवटी म्हणाले, "अडीच हजारांत एवढं मोठं काम करून दिलं. मी उगाच बोललो."

सोमवारी सकाळी मी आमच्या कर्मचारी पतपेढीच्या खिडकीसमोर उभा होतो. मला पाच महिन्यांपूर्वीच या कार्यालयात बदली करून आणलं होतं आणि स्वभावानुसार मी इथे कुणाशी फारसं बोललो नव्हतो. तातडीचं कर्ज चार कारणांसाठी मिळतं: विवाह, घरदुरुस्ती, अंत्यविधी आणि आश्रिताची शस्त्रक्रिया. पाचवं 'इतर' आहे, पण त्याचा अर्ज समितीपुढे जातो आणि समिती महिन्यातून एकदा बसते. मी चौथ्यावर खूण केली. आश्रित तर तो होताच. माझ्यावर इतका पूर्णपणे अवलंबून असलेला दुसरा जीव घरात नव्हता.

सोबत रुग्णालयाचा कागद जोडायचा होता. इथे मी एक गोष्ट केली. झेरॉक्सच्या काचेवर तो कागद ठेवताना मी तो दोन बोटं वर सरकवला. त्यामुळे वरचं 'प्राणी रुग्णालय' हे नाव, आणि त्याच्या शेजारचा पंजाचा ठसा, छापून आला नाही. मी काही खोडलं नाही, काही लिहिलं नाही. नुसता कागद सरकवला. मनुष्य आयुष्यभर सरळ वागल्यावर एकदम मोठा गुन्हा करू शकत नाही, तो दोन बोटांपासून सुरुवात करतो.

खिडकीतल्या मॅडम पतपेढीत पंचवीस वर्षं आहेत आणि त्यांना कुणी हसताना पाहिलेलं नाही. त्यांनी चष्मा खाली केला.

"नाव छोटू. वय अकरा. वजन अडतीस?" त्यांनी वर पाहिलं. "चांगला अंगाने आहे."

"हो. खाणं चांगलं आहे."

"काय झालं?"

"पोटाला पीळ पडला."

"अगं बाई." त्यांनी पेन उचललं. "नातं लिहिलेलं नाही. मुलगा ना?"

मी काहीच बोललो नाही. खोटं बोलणं वेगळं आणि काही न बोलणं वेगळं, असं मी स्वतःला बजावत असताना त्यांनी स्वच्छ अक्षरात 'मुलगा' लिहिलं आणि शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक लाख माझ्या खात्यात आले. त्या खिडकीतून इतक्या लवकर काही बाहेर पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

मंगळवारी छोटूने डोकं वर करून बाबांकडे पाहिलं. भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा होती. बाबांनी वाटीत पाणी घेऊन बोटं बुडवली आणि त्याच्या तोंडाशी धरली. त्याने चाटलं. मग वाटीतलं निम्मं पाणी प्यायला. बाबांनी घरून पेपर नेला होता. पिंजऱ्याच्या शेजारी स्टूल घेऊन त्यांनी अग्रलेख वाचला. शेजारच्या पिंजऱ्यातली मांजर आणि दोन ससे यांनाही तो ऐकावा लागला. मी काउंटरवर उरलेले पैसे भरले. वर दोन हजार वाढले होते, रक्त जास्त लागलं होतं म्हणून.

बुधवारी सकाळी आठला फोन आला. पहाटेपासून हृदयाचे ठोके चुकत होते. या आजारात तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं होतं, डॉक्टर म्हणाली. औषध दिलं होतं, ते लागू पडलं नाही. मग म्हणाली, "मी इथेच होते, सर. एकटा नव्हता तो."

बाबा न्हाणीघरात होते. मी बायकोला सांगून एकटाच निघालो. तिने बाबांना सांगायचं ठरलं. तिने कसं सांगितलं ते मला माहीत नाही, आणि मी अजून विचारलेलं नाही.

मेलेला कुत्रा हा एक वेगळाच कागदोपत्री विषय आहे. रुग्णालयाने दाखला दिला. त्या दाखल्यावर नगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात पावती मिळते. त्या पावतीवर गाडी मिळते आणि गाडी शहराबाहेरच्या जागेपर्यंत नेते. प्रभाग कार्यालयातल्या माणसाने विचारलं, "परवाना आहे का कुत्र्याचा?" मी म्हणालो, संपलाय, मागच्या वर्षी. "मग दंड भरून आधी नूतनीकरण करून घ्या. परवाना नसलेल्या जनावराला पावती देता येत नाही." मी मेलेल्या कुत्र्याचा पुढच्या मार्चपर्यंतचा परवाना काढला. छोटू कायदेशीररीत्या अजून सात महिने पाळीव आहे.

चार वाजता, अंगाला मातीचा वास घेऊन मी घरी आलो, तर दाराबाहेर बारा-पंधरा चपला. मला वाटलं, बाबा.

बाबा ठीक होते. ते मधल्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्याभोवती गोल करून माझं कार्यालय बसलं होतं. हेडक्लार्क, मीटरचे दोघे तपासनीस, टायपिस्ट बाई, आणखी तिघेचौघे आणि दाराजवळ खिडकीतल्या मॅडम. मी न सांगता गैरहजर राहिलो म्हणून हेडक्लार्कने सकाळी अर्जावरच्या घरच्या नंबरावर फोन केला होता. फोन बाबांनी उचलला. "छोटू गेला हो," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. अर्धं कार्यालय रजा टाकून आलं होतं. पाच महिन्यांत मी त्यातल्या निम्म्यांची नावंसुद्धा विचारली नव्हती.

मला बघून हेडक्लार्क उठला आणि त्याने मला मिठी मारली. त्याचा खांदा हलत होता. त्याच्या बगलेत रंगीत खडूंची मोठी पेटी होती. मॅडमकडून कळल्यावर कालच वर्गणी काढून त्यांनी ती घेतली होती, छोटू बरा झाला की द्यायला. उरलेल्या वर्गणीचं पाकीट त्याने माझ्या खिशात घातलं.

"असं सोसलंत एकट्यानं," तो म्हणाला. "एका शब्दाने बोलला नाहीत."

बोलायची ती शेवटची संधी होती. मी तोंड उघडलं आणि बाबा बोलायला लागले.

"फार लळा होता हो मला त्याचा," बाबा म्हणाले. "अकरा वर्षं माझ्या पायाशी झोपला. ही गेली तेव्हा तीन दिवस जेवला नाही. मी पेपर वाचायला बसलो की सगळं टाकून येऊन बसायचा."

टायपिस्ट बाईंनी पदर डोळ्यांना लावला. बायको स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचे ग्लास घेऊन उभी होती. तिला अर्जाचं काहीच माहीत नव्हतं. एका कुत्र्यासाठी एवढी माणसं जमलेली पाहून तिचाही ऊर भरून आला होता.

"एक लाख नव्वद हजारांचं ऑपरेशन," हेडक्लार्क सगळ्यांकडे वळून म्हणाला, "आणि शेवटी हे. देवाला दया नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होतो.

"शाळेत कितवीला होता?" मीटरच्या एका तपासनीसाने हळूच विचारलं.

"शाळेत?" बाबा म्हणाले. त्यांचं लक्ष अजून माझ्यावरच होतं. "छे, शाळा कसली. शिकवला मीच. फार शहाणा होता. परक्या माणसावर कधी भुंकला नाही."

मी आजवर पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत, पण तशी पुन्हा ऐकू नये. हेडक्लार्कने बगलेतली खडूंची पेटी दुसऱ्या बगलेत घेतली. टायपिस्ट बाईंचा पदर डोळ्यांवरच राहिला. आणि नेमक्या वेळी कंपाउंडरकाका जिना चढून दारात आले, सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "माझीच चूक. कुत्र्याला मी सोडा पाजायला लावला," आणि दाराच्या चौकटीला धरून रडायला लागले.

एकेक जण उठला. मी हेडक्लार्कच्या मागे जाऊन पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, चप्पल घातली, आणि मग वळून म्हणाला, "एवढंच होतं तर सांगायचं ना राव. कुत्र्यासाठीही आलो असतो." हे तो खरं बोलला की नाही, मला ठरवता आलं नाही. माझी त्या वेळी ठरवण्याची लायकीही नव्हती.

सगळे गेल्यावर बाबांनी विचारलं, "एक लाख नव्वद?"

"ब्याण्णव," मी म्हणालो.

ते उठून आत गेले. दारातून परत आले आणि म्हणाले, "माझ्या वेळेला आधी मला विचार." मग झोपायला गेले. अजून ऊन होतं.

कार्यालयात आठवडाभर मला कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी जेवायला बसलो की गप्पा थांबत. शेवटी पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी हात धुताना मागून कुणीतरी अगदी बारीक आवाजात भुंकलं, आणि मला एवढं हायसं वाटलं की मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतरच्या सोमवारी पतपेढीच्या समितीने मला बोलावलं. सरकवलेली झेरॉक्स आणि मूळ कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. अध्यक्षांनी विचारलं, काही म्हणायचं आहे? मी बरंच पाठ करून गेलो होतो. आश्रित या शब्दाची व्याख्या, अर्जातली नात्याची रिकामी जागा. त्यातलं काही बोलवलं नाही. "कागद मी सरकवला," एवढंच म्हणालो. समितीने दोन ठराव केले. कर्ज 'इतर' या सदरात वर्ग करून व्याज चढ्या दराने लावावं, आणि तीन वर्षं मला कुणाचा जामीनदार राहता येणार नाही. दुसऱ्या ठरावाचं मला दुःख झालं नाही, कारण मला जामीनदार राहा म्हणून आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तरी तो मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा कान तापले.

ठरावाची प्रत घेऊन मी पतपेढीच्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली. मॅडमनी जुना अर्ज काढला आणि पट्टी धरून 'मुलगा' या शब्दावर लाल रेघ मारली. समोर सही करायला लावली. 'इतर' पुढे कंसात कारण लिहायचं असतं. तिथे त्यांनी 'कुत्रा' लिहिलं, त्याच स्वच्छ अक्षरात. हप्ते छत्तीस. शिक्का मारला, कागद फाडून माझा भाग खिडकीतून पुढे केला. मी तो घेतला, पण त्यांनी आपल्या बाजूचं टोक सोडलं नाही.

"शेवटी काही खाल्लं का हो त्याने?" त्यांनी विचारलं.

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"पाणी प्यायला," मी म्हणालो. "अर्धी वाटी. बाबांच्या हातून."

मी खिडकीच्या फळीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. बावन्न वर्षांचा माणूस, हातात छत्तीस हप्त्यांचा कागद, मागे घरदुरुस्तीवाले आणि विवाहवाले मिळून नऊ जण. मॅडमनी खिडकीतली 'जेवणाची सुट्टी' ही पाटी उचलून पुढे ठेवली. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"अहो, आत्ता कसली सुट्टी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"पाच मिनिटं," मॅडम म्हणाल्या, आणि आतून पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.